मराठी वाचकाच्या हातातले ई-रीडर : दोन वर्षांच्या वापरानंतर

ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तके वाचण्याचे यंत्र, घ्यावे का, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटू लागले. विचारणाऱ्यांत कनिष्ठ महाविद्यालयातले माझे सहकारी होते, परभणी ते सेलू या रोजच्या रेल्वेप्रवासात समोरच्या बाकावर बसणारे बँकेतले दोघे होते, आणि आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपालही होते. प्रत्येकाला एका वाक्यात उत्तर हवे होते आणि मला ते देता येत नव्हते, कारण यंत्राबद्दलचे माझे मत आणि त्या यंत्रात मराठी पुस्तक ज्या अवस्थेत येऊन पडते त्याबद्दलचे माझे मत, ही दोन अगदी वेगळी आहेत. यंत्राबद्दल मी समाधानी आहे. मराठी पुस्तकांच्या बाबतीत मात्र मला पुष्कळ सांगायचे आहे, आणि या लेखाचा मोठा भाग त्यातच जाईल.

आपल्याकडे अशा कोणत्याही यंत्राला सरसकट 'किंडल' म्हणतात, कोणत्याही छायाप्रतीला 'झेरॉक्स' म्हणावे तसे. माझ्याकडे जे यंत्र आहे त्याच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते या सगळ्या जातीच्या यंत्रांना कमीअधिक लागू पडते. यंत्राचा पडदा पावणेसात इंचांच्या आसपास आहे, वजन सुमारे दोनशे ग्रॅम, म्हणजे शाळेच्या दोनशेपानी वहीइतकेच, आणि एका इंचात तीनशे ठिपके बसतील इतकी त्याची अक्षरे बारकाईने उमटतात. देवनागरीसाठी ही बारकाई फार महत्त्वाची आहे. रोमन अक्षर थोडे फुगले तरी ओळखू येते, पण 'द्ध' आणि 'ध्द', 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांच्यातला फरक एखाद्या केसाएवढ्या रेषेवर असतो.

या पडद्यामागचे तंत्र थोडक्यात समजून घेतले की यंत्राचे बरेच गुणदोष आपोआप उलगडतात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेतून ई-इंक नावाची कंपनी निघाली, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये त्या पडद्याचे वाचनयंत्र विक्रीला आणले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचे किंडल आले. पडद्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात, प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, आणि त्या दोन्ही रंगांच्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. खालून विद्युतभार दिला की काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि तिथेच थांबतात. पान एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, वीज लागते ती पान उलटताना. म्हणूनच या यंत्राची बॅटरी इतकी टिकते, म्हणूनच ते मोबाइलसारखे आतून डोळ्यांवर प्रकाश फेकत नाही, आणि म्हणूनच पान उलटताना पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळतो. पहिल्या आठवड्यात ती उघडझाप खटकते. नंतर ती दिसेनाशी होते.

परभणीच्या उन्हात या पडद्याचा खरा कस लागतो. एप्रिल-मे महिन्यांत फलाटावर दुपारी मोबाइलचा पडदा आरशासारखा होतो, त्यात स्वतःचा चेहरा तेवढा दिसतो. ई-रीडरचे पान मात्र ऊन जितके प्रखर तितके स्वच्छ दिसते, कारण ते कागदासारखे बाहेरच्याच उजेडावर वाचले जाते. रात्रीसाठी कडेने बारीक दिवे आहेत, त्यांचा उजेड पडद्याच्या पृष्ठभागावर पसरतो आणि त्याला पिवळसर छटाही देता येते. रात्री वीज गेली, इन्व्हर्टरही बसला, तरी शेजारच्याची झोप न मोडता वाचता येते, हे मी आमच्या भागात किरकोळ समजत नाही. मात्र उन्हात वाचणे वेगळे आणि यंत्र उन्हात ठेवून विसरणे वेगळे. आत लिथियमची बॅटरी असते, ती गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याखाली तापू देऊ नये.

बॅटरीबद्दल कंपन्या 'अनेक आठवडे' असे सांगतात. तो हिशेब बहुधा रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद, असा धरलेला असतो. मी रोज दीड-दोन तास वाचतो, दिवे मध्यम ठेवतो, आणि मला साधारण अकरा-बारा दिवसांनी चार्जर शोधावा लागतो. तक्रार करावी असे त्यात काही नाही. रेल्वेच्या पाऊण-एक तासात, पेडगाव आणि मानवत रोड मागे टाकता टाकता, माझी वीस-पंचवीस पाने होतात. मोबाइलवर तीच पाने कधी झाली नाहीत, कारण तिथे प्रत्येक तिसऱ्या मिनिटाला कोणत्या तरी गटावर शुभेच्छा येऊन पडतात. ई-रीडरवर दुसरे काही करताच येत नाही, आणि वाचणाऱ्यासाठी हा या यंत्राचा फार मोठा गुण आहे.

तरीही माझ्यापुरते बोलायचे तर मी छापील पुस्तकांवरच जगलो असतो. यंत्राची खरी किंमत मला कळली ती माझ्या वडिलांमुळे. अण्णा एक्याऐंशी वर्षांचे आहेत, मानवत तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर लांबचे बरे दिसू लागले, पण वर्तमानपत्राचा बारीक मजकूर गेला तो गेलाच. भिंग हातात धरून एक ओळ वाचायची, भिंग सरकवायचे, पुढच्या ओळीचा आरंभ चुकायचा, परत मागे यायचे. अशा रीतीने कोणी दहा मिनिटांपेक्षा जास्त वाचू शकत नाही. त्यांनी वाचन सोडले आहे हे मला आईकडून कळले, त्यांनी स्वतः सांगितले नाही.

एका रविवारी मी संतवाङ्मयाची एक नीट युनिकोडमध्ये केलेली प्रत यंत्रात भरली, अक्षर मोठे करत करत इतके केले की एका पानावर जेमतेम सात ओळी मावल्या, आणि यंत्र ओट्यावर त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते आधी उलटे धरले, मग सुलटे केले, मग चष्मा काढून पाहिले, परत लावून पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ओठ हलत होते, त्यावरून वाचन सुरू आहे हे मला कळत होते. मग म्हणाले, "अक्षर कसं ठसठशीत दिसायलंय बघ." पान उलटायचे कसे हे त्यांना मी तीनदा दाखवले, चौथ्यांदा दाखवावे लागले नाही. अंगठ्याने कडेला टेकायचे एवढेच काम आहे, आणि शेतात आयुष्य गेलेल्या माणसाच्या राठ अंगठ्याचा स्पर्शही हा पडदा घेतो. मोबाइलचा पडदा त्यांच्या बोटांना बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून मला याची शंका होती.

शेजारचे एक गृहस्थ तेव्हा बसलेले होते. पोथी यंत्रात कशी वाचायची, तिला पाट लागतो, वस्त्र लागते, अशी त्यांची अडचण होती आणि ती त्यांनी मनापासून मांडली. उत्तर अण्णांनीच दिले. "दासोपंतांनी पासोडीवर लिहिलं की. ती काय कागदाची होती?" अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी त्यांनी तरुणपणी पाहिलेली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीने जाड्याभरड्या कापडाच्या लांबलचक पट्टीवर ओव्या लिहून ठेवल्या, आणि मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना ते साधन परके वाटत नाही. त्या दिवसानंतर यंत्र मी घरी परत नेले नाही. स्वतःसाठी दुसरे घेतले.

मी 'नीट युनिकोडमध्ये केलेली प्रत' असे म्हटले. माझी सगळी तक्रार त्या शब्दांत साठलेली आहे, आणि ती मला सविस्तर मांडायची आहे. अक्षर मोठे करण्याची सोय हा या यंत्राचा आत्मा आहे. ती सोय तेव्हाच चालते जेव्हा पुस्तकातला मजकूर खऱ्या अर्थाने मजकूर असतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला त्याचा ठरलेला सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. जगातल्या लिप्यांना असे क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड, आणि देवनागरीला ते तिच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत मिळाले. परंतु त्यानंतरही कितीतरी वर्षे मराठी प्रकाशनाची अक्षरजुळणी संगणकावरच्या अशा फाँटमध्ये होत राहिली, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. कागदावर छापायला त्यात काहीच उणे नव्हते. पण तीच फाइल ई-रीडरमध्ये टाकली आणि तिच्यासोबत तो फाँट नसला, की पानभर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक गर्दी उमटते. पीडीएफमध्ये फाँट आतच बसवलेला असतो, त्यामुळे पान दिसते तर व्यवस्थित, पण अक्षर मोठे करून ओळी नव्याने पाडायला सांगितले की पुन्हा तीच गर्दी.

अशी जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलण्याची साधने आहेत, मी ती वापरून पाहिली आहेत, आणि त्यांतल्या चुका कुठे होतात हे आता मला पाठ झाले आहे. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी, टंकलेली असते; युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या नंतर येते. रफाराचे याच्या बरोबर उलट आहे. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की बदलणारे साधन गोंधळते, आणि 'मार्मिक', 'वार्षिक', 'आर्थिक' अशा साध्या शब्दांची वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. मुद्रितशोधक बसवल्याखेरीज हे काम होत नाही. ज्यांनी मुद्रितशोधनाचा खर्च वाचवला त्यांची पुस्तके वाचताना ते पानोपानी कळते.

सगळ्यांत जास्त हाल होतात ते आपल्या 'ऱ्या'चे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला, हे आपण शाळेत शिकलो. हिंदीला या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या 'र'ची गरज नाही, त्यामुळे मराठीसाठी वेगळी काळजी घेतली नाही तर तो पहिल्यांदा बळी पडतो. तो लिहिण्याची एक जुनी पद्धत अशी आहे की 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकायचे. पुस्तक एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात जाताना ते न दिसणारे चिन्ह फालतू समजून गाळले जाते, आणि चंद्रकोरीचा रफार होतो. मी विकत घेतलेल्या एका प्रवासवर्णनात सह्याद्रीतल्या दऱ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'दर्या' झाल्या होत्या. घाट उतरून लेखक दर्यात शिरतो, असे ते वर्णन वाचताना माझा जीव तळमळला, कारण लेखकाने ते मन लावून लिहिलेले होते आणि छापील प्रतीत ते अचूक आहे. प्रकाशकाला मी पानांच्या क्रमांकासह चुका कळवल्या. पोच आली, दुरुस्ती अजून आलेली नाही. यावर उपाय साधा आहे: युनिकोडमध्ये नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, 'ऱ'ला स्वतंत्र क्रमांक आहे, तो वापरून 'ऱ्या' लिहिला तर अदृश्य चिन्हाची गरजच उरत नाही आणि गळायला काही राहत नाही.

अक्षरांच्या वळणाचा प्रश्न याहून सौम्य आहे, तरी तो सांगायला हवा. यंत्रांत आधीपासून असलेला देवनागरी फाँट बहुधा हिंदी वळणाचा असतो. मराठीसाठी देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' वापरावा, असे महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात ठरवून दिलेले आहे आणि आपला डोळाही त्यालाच सरावलेला आहे. अण्णांना हिंदी वळणाचा 'ल' वाचता येत होता, पण ते प्रत्येक वेळी किंचित थबकत होते. सुदैवाने बऱ्याच यंत्रांत फाँटसाठी एक फोल्डर असते आणि त्यात आपल्या आवडीचा फाँट टाकता येतो. मी 'टिरो देवनागरी मराठी' हा विनामूल्य मिळणारा फाँट टाकला. त्याची रेघ भरदार आहे, जोडाक्षरे जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांची आठवण करून देतात, आणि 'श' व 'ल' आपले आहेत. ई-रीडर घेतल्यावर पहिल्या दिवशी करायचे काम कोणते, असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन.

अक्षर फार मोठे केले की आणखी एक गोष्ट नजरेत भरते. इंग्रजी मजकुरात ओळीच्या शेवटी न मावणारा शब्द संयोगचिन्ह देऊन तोडला जातो. मराठीसाठी ती सोय माझ्या दोन्ही यंत्रांत नाही. आपले प्रत्यय शब्दाला जोडून येतात, त्यामुळे 'विद्यार्थ्यांमधल्यांपैकी' असा एकच शब्द अख्खी ओळ व्यापतो आणि त्याच्या आधीच्या ओळीत दोन शब्दांमध्ये बोटभर पोकळी राहते. दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा पर्याय बंद करून फक्त डावी कड सरळ ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

आता शब्दकोशाकडे वळतो. इंग्रजी पुस्तकात एखाद्या शब्दावर बोट ठेवले की अर्थ लगेच समोर येतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांना ही सोय दाखवली तेव्हा त्यांचे चेहरे खुलले. मराठी शब्दावर बोट ठेवले की काहीही येत नाही. आपल्याकडे कोश नाहीत असे मुळीच नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि १९३२ पासून खंडाखंडांनी निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने शोधता येण्याजोग्या स्वरूपात महाजालावर ठेवलेले आहेत. अडचण पुढची आहे, आणि ती व्याकरणाची आहे. वाक्यात शब्द क्वचितच मूळ रूपात येतो. 'पाण्यात' वर बोट ठेवले तर यंत्राला 'पाणी' शोधता आले पाहिजे, 'वाऱ्यावर' वर ठेवले तर 'वारा', 'सुनेला' वर ठेवले तर 'सून'. सामान्यरूपाचे हे नियम आपल्या व्याकरणांत तपशिलाने दिलेले आहेत. यंत्राला समजतील अशा रीतीने ते मांडण्याचे काम बाकी आहे. बीड-परभणीकडची बोली ज्या कथांमध्ये येते त्या कथा पुण्या-मुंबईच्या वाचकाला, आणि जुन्या बखरींतली मराठी आमच्या मुलांना, या एका सोयीने किती जवळ येईल याचा विचार मी वर्गात शिकवताना नेहमी करतो.

पुस्तके आणायची कुठून, याबाबत मात्र आनंदाने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, आणि छापील प्रत मिळेनाशी झालेले कितीतरी ग्रंथ मला तिथे सापडले. मराठी विश्वकोश महाजालावर वाचता येतो. ई साहित्य प्रतिष्ठानने नव्या-जुन्या लेखकांची पुस्तके वाचकांपर्यंत विनामूल्य पोहोचवण्याचे काम चिकाटीने केले आहे. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी ओळ न् ओळ तपासलेला मजकूर आहे, आणि शुद्धतेच्या दृष्टीने ई-रीडरसाठी मला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे राम गणेश गडकरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्यांचे साहित्य आता सर्वांसाठी खुले आहे. विकत घ्यायचे तर किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून अधिकृतपणे मिळू लागली, आणि मराठी पुस्तके विकणारी आपल्याकडची संकेतस्थळेही आहेत. या सगळ्या फाइली यंत्राला मानवतील अशा स्वरूपात आणायला मी 'कॅलिबर' वापरतो. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे साधन विनामूल्य आहे आणि त्याची सवय व्हायला एक सुट्टीचा दिवस पुरतो.

विनामूल्य मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांपैकी बहुतेक पानांची छायाचित्रे घेऊन केलेल्या पीडीएफ असतात, हे लक्षात घेऊनच यंत्राचा आकार निवडावा. आपले नेहमीचे डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. ते पावणेसात इंची पडद्यावर जसेच्या तसे बसवले तर अक्षर मुंगीएवढे होते. चारी बाजूंचा कोरा समास कापून टाकला की मजकुराची रुंदी चार इंचांच्या आसपास उरते, आणि तेवढीच पडद्याची रुंदी असल्यामुळे अक्षर जवळजवळ मूळ आकाराचे दिसते. फक्त पानाचा खालचा भाग पुढच्या पडद्यावर जातो. माझ्या डोळ्यांना हे चालते. अण्णांच्या डोळ्यांना चालत नाही, कारण छायाचित्रातले अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि भिंगाच्या वेळचीच कसरत सुरू होते. ज्यांना मुख्यतः अशा पीडीएफ वाचायच्या आहेत त्यांनी दहा इंची यंत्र घ्यावे. ते महाग पडते, पण लहान यंत्र घेऊन डोळे शिणवण्यापेक्षा बरे.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याची किंमत छापील प्रतीपेक्षा फारशी कमी नसते, छापील पुस्तकावर जीएसटी नसताना ई-पुस्तकावर तो भरावा लागतो (छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरचा हा कर २०१८ मध्ये अठरावरून पाच टक्क्यांवर आला), आणि एवढे करून आपल्या हाती येतो तो वाचण्याचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे काही पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली होती आणि नंतर त्याबद्दल माफी मागितली होती. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले पुस्तकांचे दालन बंद केले तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. आमच्या घरात पुस्तक एकाकडून दुसऱ्याकडे जाते, बहिणीकडे जालन्याला जाते, तिच्या सुनेकडे जाते आणि दोन वर्षांनी परत येते. विकत घेतलेल्या ई-पुस्तकाला हा प्रवास नाही. म्हणून जे पुस्तक मला कायम जवळ ठेवायचे आहे ते मी आजही कागदावरच घेतो.

आता दुरुस्तीबद्दल. पहिल्या पावसाळ्यात माझ्या पिशवीवर कोणाची तरी जड पेटी पडली आणि यंत्राच्या पडद्याचा खालचा कोपरा आतून गेला. वरून ओरखडाही नव्हता. पानाच्या तळाशी काळ्या रेघांचा एक पंखा उमटला आणि तो तसाच राहिला. पडद्याच्या मागे काचेचा पातळ थर असतो आणि दाबाने तो तडकतो. परभणीत किंवा जवळपास दुरुस्तीची सोय मिळाली नाही, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिरांनीही हात लावायला नकार दिला, आणि कंपनीच्या ग्राहकसेवेने दुरुस्तीऐवजी थोड्या सवलतीत दुसरे यंत्र घेण्याचा पर्याय दिला. त्या संभाषणात तीन दिवस आणि सात दूरध्वनी गेले. सेवा देणारी माणसे नम्र होती, पण नुसती काच बदलण्यासाठी अख्खे यंत्र टाकून द्यावे लागणे मला पटलेले नाही. मराठवाड्यात राहणाऱ्याने हे गृहीत धरून पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यासारखे टणक आवरण घ्यावे. रबरी आवरणाचा उपयोग होत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना मी हे यंत्र सुचवत नाही. त्यांची पुस्तके तक्ते आणि नकाशांची असतात, रंगांवर अवलंबून असतात, पुढे-मागे भराभर चाळावी लागतात, आणि ते काम या संथ पडद्यावर होत नाही. वर्गातही अडचण येते: अक्षर लहान-मोठे केले की पाने बदलतात, त्यामुळे 'पान सत्तेचाळीस काढा' म्हणण्याला अर्थ राहत नाही. कथा, कादंबरी, चरित्र, संतवाङ्मय, निबंध, म्हणजे जिथे वाचक ओळीमागून ओळ जात राहतो, अशा वाचनासाठी ते आहे.

वाचनालयाच्या ग्रंथपालांना मी शेवटी हे उत्तर दिले. आमचे वाचनालय 'ड' वर्गाचे आहे, संध्याकाळी दोन तास उघडते, आणि तिथे येणाऱ्यांपैकी निम्मे साठीच्या पुढचे आहेत. एक मोठ्या पडद्याचे यंत्र देणगीतून घ्यावे, त्यात विकिस्रोतावरचा तपासलेला मजकूर आणि मंडळाची प्रकाशने भरावीत, अक्षर आधीच मोठे करून ठेवावे आणि यंत्र घरी न देता खिडकीजवळच्या टेबलावर ठेवावे. ग्रंथपालांची अडचण दाखल नोंदवहीची होती. वहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक लागतो, आणि या एका यंत्रात दोनशे पुस्तके असतील तर नोंद कशी करायची? आम्ही बसून असे ठरवले की दाखल क्रमांक यंत्राला एकच द्यायचा, आणि आतल्या पुस्तकांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून आवरणाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. यादीचा पहिला कागद मी या रविवारी लिहायला घेतला आहे, आणि त्यात कोणते पुस्तक आधी यावे हे अण्णा सांगत आहेत.